सूर्योदय 'बघायला' आपण कधीपासून उठतो?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, पण विषयच सुचत नाही, अशी तक्रार तुमच्यापैकी बरेच जण करतात. खरं तर विषय सुचलेला असतो. तो 'इतिहासाचा वाटत नाही' म्हणून तुम्ही सोडून देता. आज अशाच एका विषयाबद्दल बोलू. सहलीला गेल्यावर पहाटे चारचा गजर लावायचा, कानटोपी घालून कुडकुडत डोंगरमाथा गाठायचा आणि पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. महाबळेश्वरला विल्सन पॉइंट, माथेरानला पॅनोरमा पॉइंट, ट्रेकवाल्यांना कळसूबाई. हे आपण का करतो?

'सूर्योदय सुंदर असतो म्हणून' हे उत्तर खोटं नाही, पण ते इतिहासाचं उत्तर नाही. सूर्य रोज उगवतो आणि रोज सुंदरच उगवतो. जी गोष्ट सगळ्या काळात सारखी आहे, तिच्यामुळे एखाद्या काळात काय बदललं हे सांगता येत नाही. इतिहासाचा प्रश्न जरा वेगळा मांडावा लागतो: दुसरं काहीही काम नसताना, केवळ बघण्यासाठी, माणसं पहाटे डोंगरावर कधीपासून जायला लागली?

मी केंदूरचा. शिरूर तालुका, संत कान्हूराज पाठकांचं गाव, पर्जन्यछायेतला भाग. सह्याद्रीची मुख्य रांग आमच्या पश्चिमेला. म्हणजे आमच्यासाठी मोठे डोंगर सूर्य मावळण्याच्या बाजूला, उगवण्याच्या नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर उभा राहून पूर्वेकडे बघणारा पर्यटक खरं तर आमच्याकडे, देशाकडे बघत असतो. आणि आमच्याकडे त्या वेळेला काय चाललेलं असायचं? मराठीत पहाटेला किती शब्द आहेत ते आठवा. चांदणी उगवली, कोंबडं आरवलं, झुंजूमुंजू झालं, तांबडं फुटलं, फटफटलं, उजाडलं, दिस कासराभर वर आला. यातला कुठलाही शब्द 'देखावा' सांगत नाही. प्रत्येक शब्द कामाची वेळ सांगतो. चांदणीला उठून दळायला बसायचं, तांबडं फुटायच्या आत मोट जुंपायची, कार्तिकात काकड्याला देवळात जायचं. 'कासराभर' हे माप तर सरळ बैलाच्या दोरीवरून आलेलं आहे.

तर पहाटे उठणं नवीन नाही. उगवत्या सूर्याकडे लक्ष असणंही नवीन नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये उगवत्या नारायणाला हात जोडलेले असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या जमवल्या. त्या तुम्ही अजून चाळल्या नसतील तर विषय बदलायच्या आधी त्या चाळा. मग नवीन नेमकं काय आहे? ते शोधायला जरा उंचावर जावं लागेल, आधी रायगडावर.

डोंगरमाथ्यावरची पहाट म्हटल्यावर मराठी माणसाला सगळ्यात आधी आठवायला हवी ती शिवराज्याभिषेकाची. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत या प्रसंगाची नोंद आहे. तिचा आशय असा: ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटका रात्र उरलेली असताना महाराज सिंहासनावर बसले. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी होती. आता तुम्ही म्हणाल, तारीख तर ६ जून १६७४ आहे, आणि त्या दिवशी वार शनिवार येतो. शकावलीत शुक्रवार कसा? आणि आपण तिथीने साजरा करतो तो ज्येष्ठ शुद्ध १३ला, शकावलीत १२ कशी?

उत्तर सूर्योदयात आहे. पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य उगवला की बदलतो. इंग्रजी हिशोबाने मध्यरात्र उलटून शनिवार सुरू झाला होता. पंचांगाच्या हिशोबाने शुक्रवार संपायला अजून तीन घटका होत्या. तिथीचंही तसंच. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून त्या दिवसाची नोंद द्वादशीची. शकावली पुढे हेही सांगते की ती द्वादशी त्या दिवशी २१ घटी ३४ पळंच होती. म्हणजे पहाटेच्या मुहूर्ताच्या वेळी त्रयोदशी लागून बराच वेळ झाला होता. दोन्ही तिथी बरोबर, दोन्ही वार बरोबर. हे गणित एकदा स्वतः कागदावर मांडून बघा. मुलाखतीत कुणी विचारो न विचारो, मराठी साधनं वाचताना ते रोज लागतं.

त्या दिवशी गडावर हेन्री ऑक्सेंडन हा कंपनीचा वकीलही होता. तो सकाळी सात-आठच्या सुमारास दरबारात गेला आणि महाराज सिंहासनावर बसलेले त्याने पाहिले, असं त्याची रोजनिशी सांगते. म्हणजे आपल्याकडे एकाच सकाळची, एकाच डोंगरमाथ्यावरची दोन समकालीन साधनं आहेत. एकात सूर्योदयाच्या आधीची वेळ, दुसऱ्यात नंतरची. मधला सूर्योदय, रायगडाच्या माथ्यावरून दिसणारा, कुणीच लिहिलेला नाही.

इथे मोह होतो. 'बघा, सतराव्या शतकात कुणाला सूर्योदयाचं सौंदर्य दिसतच नव्हतं!' असं एक झणझणीत वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाकावंसं वाटतं. टाकू नका. ६ जून १६७४ ही तारीख जुन्या जुलियन कालगणनेतली आहे. आजच्या ग्रेगोरियन हिशोबाने ती १६ जून येते. मृग लागून गेलेला, कोकणात पावसाचे दिवस. रायगडावर ढग असतील तर सूर्य दिसलाच नसेल, मग लिहिणार काय? शिवाय शकावली लिहिणाऱ्याचं काम निसर्गवर्णनाचं नव्हतं आणि ऑक्सेंडन तहाचं काम घेऊन आला होता. साधन एखाद्या गोष्टीबद्दल गप्प आहे, म्हणजे ती गोष्ट नव्हती, असं होत नाही. ते साधन कशासाठी लिहिलं गेलं हे आधी विचारायचं.

पण मला शकावली या बाबतीत गप्प वाटतच नाही. तिच्या प्रत्येक तिथी-वारामागे सूर्योदय उभा आहे. दिवस कुठे सुरू झाला, तिथी कुठली धरायची, मुहूर्ताला किती वेळ उरला, सगळं त्याच्यावरून मोजलेलं. सूर्योदय तिथे देखावा नाही, मोजपट्टी आहे. मोजपट्टीकडे आपण रोज बघतो, पण तिचं वर्णन करत बसत नाही.

दुसरं उदाहरण महाबळेश्वरचं. तिथल्या बहुतेक पुस्तिका गोष्ट सुरू करतात ती १८२४ पासून, साताऱ्याला असलेला लष्करी अधिकारी लॉडविक डोंगर चढून गेला तिथून. 'महाबळेश्वरचा शोध' वगैरे. त्याच्या जवळजवळ १६० वर्षं आधी, १६६५ च्या जानेवारीत, शिवाजी महाराजांनी याच माथ्यावर, क्षेत्र महाबळेश्वरी, जिजाऊंची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. निमित्त होतं सूर्यग्रहण. म्हणजे सूर्यासाठी माणसं मुद्दाम प्रवास करून डोंगरमाथ्यावर आली होती! फक्त सूर्य बघणं हा हेतू नव्हता. त्या क्षणी काहीतरी करायचं होतं: स्नान, दान, तुला. पाचही नद्यांचं उगमस्थान मानलेलं क्षेत्र आणि ग्रहणाचा पर्वकाळ, असा तो योग होता.

जाता जाता, ही तारीख पुस्तकांत ६ जानेवारी १६६५ अशी मिळते. ती घेऊन तुम्ही आजच्या ग्रहणांच्या कोष्टकात शोधलंत तर ग्रहण सापडणार नाही, कारण ती कोष्टकं १५८२ नंतर ग्रेगोरियन तारखा देतात. दहा दिवस मिळवा. १६ जानेवारीला अमावास्या येते आणि ग्रहणही. सतराव्या शतकाला दहा दिवस, १७०० च्या फेब्रुवारीनंतर अकरा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता लॉडविकनंतरचं महाबळेश्वर. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि आजारी शिपायांसाठी थंड हवेची जागा हवी होती. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनी साताऱ्याहून वर रस्ता करून दिला. १८२९ साली वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा इंग्रजांकडे गेली आणि पेठेला नाव पडलं माल्कमपेठ. मग आले पॉइंट. हा शब्द आपण इतका मराठी करून टाकलाय की त्याचं नवखेपण जाणवतच नाही. डोंगराला आपल्याकडे कडा असतो, टोक असतं, माची असते, सोंड असते. 'पॉइंट' म्हणजे यातलं काहीच नाही. पॉइंट म्हणजे बघणाऱ्याने उभं राहायची जागा. तिला रस्ता असतो, कठडा असतो, नाव असतं, आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या साहेबाचं असतं.

आणि इथे मला एक गोष्ट फार रंजक वाटते. सुरुवातीचे मान घेणारे पॉइंट सकाळचे नाहीत, संध्याकाळचे आहेत. बॉम्बे पॉइंट, एल्फिन्स्टन, लॉडविक, ही सगळी पश्चिमेची, कोकणात तुटणाऱ्या कड्यांची टोकं. बॉम्बे पॉइंटला घोडागाड्या उभ्या राहायला मोकळी जागा होती, बँडसाठी चौथरा होता. दिवसभराचं आटोपून, चांगले कपडे करून साहेब-मडम तिथे येत आणि मावळता सूर्य बघत. संध्याकाळी चारचौघांत दिसता येतं. पहाटे कोण बघायला येणार तुमचा कोट? सूर्यास्ताला समाज लागतो, तो आधी तयार झाला, असं मी म्हणेन. हे माझं अनुमान आहे. खोडून काढायला तुम्हाला मोकळीक आहे, पण खोडायचं तर पहाटेच्या नोंदी दाखवून खोडा.

आज सूर्योदयासाठी प्रसिद्ध असलेली महाबळेश्वरची जागा म्हणजे सिंदोळा टेकडी. उंची सुमारे ४,७०० फूट, तिथली सगळ्यात उंच. तिला विल्सन पॉइंट हे नाव सर लेस्ली विल्सन यांच्यावरून पडलं, आणि ते मुंबईचे गव्हर्नर होते १९२३ ते १९२८ या काळात. म्हणजे 'विल्सन पॉइंट' हे नाव माल्कमपेठ वसल्यावर शंभरेक वर्षांनी आलेलं. टेकडी अर्थातच आधीपासून होती, लोक चढतही असणार. पण विसाव्या शतकाच्या आधीच्या कागदात 'विल्सन पॉइंट' शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही, तिथे सिंदोळाच शोधावा लागेल. जागेचं नाव बदललं की साधनांतला तिचा माग तुटतो. आपल्या गावाची, शिवारांची जुनी नावं माहीत असलेल्या विद्यार्थ्याला हे पटकन कळतं. इथे खेड्यातून आलेला संशोधक दोन पावलं पुढे असतो.

पहाटे उठून सूर्य बघायचा रिवाज एकट्या हिंदुस्थानात नाही घडला. स्वित्झर्लंडमध्ये रिगी नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर १८१६ साली पांथस्थांसाठी घर उभं राहिलं आणि सूर्योदय बघायला तिथे मुक्काम करायची रीतच पडली. पहाटे लाकडी शिंग फुंकून पाहुण्यांना उठवत. १८७१ मध्ये तर दातेरी रुळांची रेल्वेच वर गेली. मार्क ट्वेनने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात या प्रकाराची मनसोक्त टिंगल केली आहे. त्याचे प्रवासी धडपडत उठतात, सूर्य बघायला उभे राहतात, आणि थोड्या वेळाने कळतं की हा सूर्य मावळतोय. टिंगल तेव्हाच होते जेव्हा रिवाज सगळ्यांना माहीत असतो. ट्वेनचं पान त्यामुळे विनोदापेक्षा पुरावा म्हणून जास्त मोलाचं.

याला उलट पुरावाही लक्षात ठेवा. श्रीलंकेत श्रीपाद पर्वतावर यात्रेकरू रात्रभर चढून सूर्योदयाला माथ्यावर पोचतात, आणि ती धर्माची यात्रा आहे, युरोपीय पर्यटनाची नक्कल नाही. तेव्हा 'इंग्रजांनी आपल्याला सूर्योदय बघायला शिकवला' असं ठोकून देऊ नका. माझं म्हणणं एवढंच आहे की यात्रा, मुहूर्त, काम यांपासून सुटा झालेला, निव्वळ बघण्याचा सूर्योदय आपल्याकडे पॉइंट, हॉटेल आणि सुट्टी यांच्याबरोबर रुळला. माथेरानला ह्यू मॅलेट १८५० मध्ये पोचला आणि १९०७ मध्ये छोटी रेल्वे सुरू झाली. पुढे एसटी आली, शाळेच्या सहली आल्या. गो. नी. दांडेकरांसारख्यांनी मराठी तरुणांना गडकोटांचा नाद लावला. गडावर मुक्काम करणारा ट्रेकर पहाटे उठून पूर्वेकडे बघतो तेव्हा त्याच्यात रायगडाची भक्ती आणि रिगीचा पर्यटक असे दोघेही असतात. त्यांना वेगळं कसं करायचं, हा एका प्रबंधाचा विषय सहज होईल.

आता मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. सूर्योदय 'बघायला' चार वाजता उठणाऱ्याच्या आधी तीन वाजता कोण उठतं? घोडेवाला, चहावाला, गाडीचा ड्रायव्हर, पूर्वी पालखी-डोली उचलणारे भोई. हिल स्टेशनच्या इतिहासात ही माणसं फार थोडी येतात, आणि येतात तेव्हा दरपत्रकात: माणशी इतके आणे. महाबळेश्वरला तर १८३० च्या दशकापासून तुरुंग होता आणि त्यात चिनी आणि मलायी कैदी होते. सामुद्रधुनीच्या वसाहतींतून आणलेली ही माणसं तिथे भाजीपाला, बटाटा, आरारूट पिकवत. १८६० च्या दशकात तो तुरुंग बंद झाला. साहेबाच्या न्याहारीच्या ताटात त्यांनी पिकवलेला बटाटा होता. तेही उजाडताना जागे होतेच. त्यांना पूर्व कशी दिसत होती, आपला समुद्र कुठल्या दिशेला आहे हे त्या डोंगरावरून त्यांना कळत होतं का, याबद्दल साहेबांच्या लिखाणातून काही मिळणार नाही. तरी प्रश्न वहीत लिहून ठेवायचा. तुरुंगाचा हिशोब, दवाखान्याची नोंदवही, सुटकेचा अर्ज, असा कागद कधीतरी समोर येतो आणि प्रश्न आधी लिहिलेला असला तरच तो ओळखता येतो.

वेळेबद्दल एक सावधगिरी. जुन्या गाईडबुकांत किंवा पत्रांत सूर्योदयाची घड्याळी वेळ सापडली तर ती आजच्या वेळेशी थेट ताडून बघू नका. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत तग धरून होता, आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. १९०६ च्या आधी रेल्वे मद्रास टाइमवर धावत होती. म्हणजे एकाच सकाळचा एकच सूर्य तीन कागदांत तीन वेळांना उगवू शकतो. त्यात उंचीचा फरक धरा: क्षितिज मोकळं असेल तर महाबळेश्वरसारख्या माथ्यावर सूर्य खालच्या सपाटीपेक्षा दोन-चार मिनिटं आधीच दिसतो. घटका-पळं असलेल्या मराठी कागदात मात्र ही अडचण येत नाही, तिथे घड्याळ स्थानिक सूर्यालाच बांधलेलं आहे.

तोंडी साधनं घेणार असाल तर प्रश्न कसा विचारता यावर बरंच अवलंबून आहे. 'आजी, तुम्ही सूर्योदय बघायला जायचात का?' असं आमच्या केंदुरात कुणाला विचारलंत तर ती हसेल आणि चहा ठेवायला उठेल. 'उजाडायच्या आत काय काय उरकायचं असायचं?' असं विचारा, मग तास पुरत नाही. आणि विल्सन पॉइंटच्या चहावाल्याला दृश्याबद्दल विचारू नका. पहिलं गिऱ्हाईक किती वाजता येतं, दूध कुठून आणि कधी येतं, धुकं असेल त्या दिवशी लोक थांबतात का, आणि थांबले तर चहा जास्त खपतो का, ते विचारा.